मागून आलेली ओ

१

रांगेत सगळ्यात मागं कधी चालून पाहिलं आहे का तुम्ही? रेशनच्या दुकानातली रांग नाही म्हणत मी. पायवाटेवरची रांग. पुढं बायकांच्या पाठी, दोन्हीकडे रान आणि मागं कोणीच नाही. ज्यांनी चालून पाहिलं असेल त्यांना अंबाड्याखालची ती जागा ठाऊक असेल. तिथं कोणी फुंकर घालावी तसं वाटत राहतं. वळून पाहावं तर काही नसतं. तरी वाटतच राहतं.

पळसटोल्याच्या सत्यशीलाला त्या जागेची सवय होती. आरमोरीपासून आत, रानाला खेटून असलेल्या या गावच्या बाया चैतात पहाटे मोहफुलं वेचायला निघायच्या, त्या एकीमागं एक अशाच. गावातली एक बाई वाघानं नेली, तेव्हापासूनचा हा रिवाज. एकटीदुकटीनं जायचं नाही. धीराची बाई सगळ्यात मागं ठेवायची. ती मधूनमधून 'हूऽऽ' अशी हाळी द्यायची. मग पहिलीपासून एकेक बाई ओ द्यायची, आणि ओ एकीकडून दुसरीकडे सरकत शेवटच्या बाईपर्यंत परत यायची. सगळ्या बोलल्या की शेवटची म्हणायची, "चला." ती 'चला' म्हणेपर्यंत कोणी पाऊल उचलायचं नाही.

शेवटच्या बाईनं मागं पाहायचं नाही, हेही ठरलेलं. मागं पाहणारी बाई ठेचकाळते आणि रांग तुटते. मागं पाहायला मुखवटा होता. वाघ पाठीमागून झडप घालतो म्हणून सगळ्यांना प्लास्टिकचे मुखवटे मिळाले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. गुलाबी गालांचा, बारीक मिशीचा पुरुषाचा चेहरा. सगळ्यांचा एकच. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, त्यांतून पदराचा रंग दिसायचा.

"माह्या नवऱ्यापेक्षा हाच बरा व माय," वच्छला म्हणायची. "पाठीशी तं राह्यते. आन् बोलत बी नाई."

वच्छला सत्यशीलाची शेजारीण. तोंडानं फटकळ, पण सगळ्यांच्या अडीनडीला तीच पहिली. रांगेत सर्वांत पुढं रंजीता असायची, कारण तिला वाटा माहीत. मध्ये बाकीच्या. मग वच्छला. वच्छलामागं सत्यशीलाची सून रिना, आणि रिनाच्या मागं सत्यशीला.

रिना वडशाची. तिचा बाप पत्रूभाऊ तिथल्या राईस मिलमध्ये कामाला. पोरीनं जंगल पाहिलं होतं ते आगगाडीच्या खिडकीतून. लग्नात पाठवणीच्या वेळी पत्रूभाऊ सत्यशीलाचा हात धरून रडला होता. "बाई, पोरगी भित्री आहे. तिकडं वाघाचं लय आयकतो."

"भाऊ, काळजी करू नोका," सत्यशीला म्हणाली होती. "तुमच्या पोरीच्या मांगं मी आहो."

हा शब्द ती विसरली नव्हती. रांगेत रिनाला तिनं आपल्या पुढंच ठेवलं होतं, हात लांबवला तर पाठीला लागेल इतक्या अंतरावर.

२

गेल्या हिवाळ्यात या बायांना एका संस्थेनं राजस्थानात नेलं. पळसटोल्यात या बाया पाहुण्यांना जंगलाच्या कडेनं पायी फिरवायच्या, पक्षी दाखवायच्या, दुपारी जेवू घालायच्या. तिकडं वाळवंटातल्या बायाही असंच काहीतरी करतात, ते पाहून या, असं संस्थेचं म्हणणं. सत्यशीलाचा मुलगा नागसेन सफारीची जिप्सी चालवायचा. तो हसून म्हणाला, "आई, तिथं झाडच नाई, तं जनावर कायच्या मांगं लपते?"

"लपतच नसन," सत्यशीला म्हणाली. "आपल्याले दिसन तरी."

मुखवटे कोणीच सोबत घेतले नाहीत. वाळवंटात वाघ कुठला?

आगगाडीत बसून बसून कंबर मोडल्यावर ते गाव आलं. जैसलमेरच्याही पुढं, रेतीत चार घरं टाकल्यासारखं. त्यांना फिरवायला हमीरजी नावाचे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे होते. दुसऱ्या दिवशी उजाडताना ते बायांना गाडीनं रेतीच्या टेकड्यांपर्यंत घेऊन गेले आणि तिथून पायी निघाले. सत्यशीलानं एवढं आभाळ आयुष्यात पाहिलं नव्हतं. रेतीवर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली होती. हा कोल्हा, हा भुंगा, इथून साप गेला, असं हमीरजी काठीनं दाखवत होते. बिळाच्या तोंडाशी एक वाळवंटी कोल्हा ऊन खात बसला होता. रेतीची टेकडी ओलांडली तर पलीकडे चिंकारा हरणं. रिना मोबाइलवर फोटो काढत होती. मग फार लांबवर, पिवळ्या गवतात, मान उंच केलेला एक मोठा पक्षी दिसला.

"गोडावण," हमीरजी कुजबुजले.

आपल्याकडे त्याला माळढोक म्हणतात. पूर्वी वरोऱ्याकडच्या माळावर दिसायचा, असं सत्यशीलानं ऐकलं होतं. त्याला पाहायला इतक्या लांब यावं लागलं, म्हणून तिला भरून आलं. ती त्याच्याकडे एकटक पाहत राहिली, आणि तेव्हा एक बारीकशी गोष्ट तिच्या लक्षात आली. पक्षी बायांकडे पाहत नव्हता. तो बायांच्या मागं पाहत होता. मघाची हरणंही तशीच उभी होती.

परतताना रंजीता पुढं, बाकीच्या मागं, अशी रांग आपोआप लागली. वारा सुटला. रेती पायांवरून पाण्यासारखी वाहू लागली. पुढच्या बाया धूसर झाल्या, आणि सत्यशीलाच्या तोंडून सवयीनं हाळी गेली.

"हूऽऽ!"

पुढून हसण्याचा आवाज आला. मग रंजीताची ओ आली. एकेक करत बाकीच्यांची. "हूऽऽ व माय, हरवत नाई मी!" ही वच्छला. मग रिनाची, बारीक आणि गोड.

मग आणखी एक ओ आली.

ती सत्यशीलाच्या मागून आली. मोठी नव्हती. बायकी होती, थोडी कोरडी. खूप दिवस कोणाशी न बोललेली बाई बोलावी तशी.

सत्यशीलाला वाटलं, कोणीतरी मागं राहिली. लघवीला बसली असेल, फोटो काढत असेल. शेवटच्या बाईनं मागं पाहायचं नाही, म्हणून तिनं पाहिलं नाही. तिनं फक्त तिला रांगेत घेतलं.

"आली काय? चल," ती म्हणाली. "चला व, सगळ्या आल्या."

गाडीत बसल्यावर तिनं पाहिलं. सगळ्या होत्याच, आणि कोणीही मागं राहिली नव्हती. हमीरजी अजून खाली उभे होते. बाया जिथून चालत आल्या त्या पावलांकडे पाहत होते. मग त्यांनी पायानं रेती सारून थोडी जागा पुसली, आणखी थोडी पुसली, आणि ते सोडून दिलं.

"काय झालं जी?" सत्यशीलानं विचारलं.

"कुछ नहीं, बहनजी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आपने किसको बुलाया था?"

"हमारी बायाओंको."

त्यांनी मान हलवली. 

३

घरी आल्यावर रेती झाडता झाडता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. चपलांत रेती, पिशव्यांत रेती, लुगड्याच्या निऱ्यांत रेती. "अर्धा राजस्थान उचलून आनला बायकायनं," नागसेन म्हणाला. आठवडाभरात बाकीच्यांच्या घरातली रेती संपली.

सत्यशीलाच्या घरातली संपेना.

ती सकाळी अंगण सारवायची. ओल्या शेणावर चालत पाण्याच्या घागरीकडे जायची, तेव्हा तिच्या टाचांचे ठसे उमटायचे. थोड्या वेळानं वळून पाहिलं की त्या ठशांत बारीक पिवळी रेती असायची. वैनगंगेची रेती वेगळी, भरड, चमकणारी. ही पिठासारखी होती. आणि फक्त टाचांच्या ठशांत. जणू तिनं पाऊल उचललं की लगेच त्याच जागी दुसरं कोणी पाऊल टाकत होतं.

सत्यशीला दहावी शिकलेली होती. विहारात बुद्धवंदना तीच सांगायची. भूतखेत, अंगात येणं, देवऋषी, हे त्यांच्या घरानं तिच्या आजेसासऱ्याच्या वेळीच सोडलं होतं. कारणाशिवाय काही घडत नाही, हे ती पोरांना सांगत आली होती. म्हणून तिनं कारण शोधलं. चप्पल उलटी करून आपटली. तळव्याला भेगा होत्या, त्यांत रेती अडकली असेल म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बसली. पाणी नितळ राहिलं.

दुसऱ्या दिवशी ठशांत पुन्हा रेती.

ती आवाजाचंही कारण शोधत होती. रेतीच्या टेकडीवरून घुमला असेल. पण घुमलेला आवाज आपल्यासारखाच येतो. ही ओ तर तिच्यासारखी नव्हती, आणि कोणासारखीच नव्हती.

४

चैत लागला. मोह गळू लागला. पहाटे रानात शिरलं की तो गोड, जड वास घशात बसायचा. मुखवटे बांधून, टोपल्या घेऊन बाया निघाल्या. वाळलेल्या पाचोळ्यावर इतके पाय पडले की भाजत्या पापडासारखा आवाज होतो. त्या आवाजात सत्यशीलाला बरं वाटलं. इथलं रान तिचं होतं.

वळणावर तिनं हाळी दिली. रंजीता बोलली. बाकीच्या बोलल्या. वच्छला, रिना. आणि मग मागून, अगदी जवळून, ती कोरडी ओ आली.

सत्यशीला उभी राहिली. रांगही उभी राहिली.

"काय झालं व बाई?" वच्छला पुढून ओरडली. "चला मनत काऊन नाई? मोह काय आपली वाट पाह्यते? गायी खाऊन जातीन."

"कोन बोललं आता?"

"रिना बोलली ना. कानात मोह गेला काय तुह्या?"

 बाया ताटकळल्या होत्या, उजाडत होतं. तिच्या मानेवर वारा नव्हता, तरी फुंकर लागत होती. मुखवटा होता ना तिथं? तिनं हातानं चाचपला. होता. तो कोणाकडे पाहत असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं घाईनं तो झटकला.

"चला," ती म्हणाली.

पुढं गेल्यावर डाव्या हाताला चितळांचा कळप होता. माद्या आणि पाडसं. त्या रांगेकडे पाहत नव्हत्या.

आरमोरीच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले. मळ काढला. "आता टाचणी पडली तरी ऐकू येईल, बाई," ते म्हणाले.

५

डॉक्टरांचं खरं झालं. आता तिला फारच नीट ऐकू येऊ लागलं.

आधी ओ मागून यायची. मग एका पहाटे ती पुढून आली. रिनाची ओ झाली, आणि लगेच दुसरी ओ. सत्यशीला आणि रिना यांच्यामधून. मध्ये तर हातभराची जागा आणि तेंदूचं एक झुडूप होतं. सत्यशीलानं पाऊल टाकलं तर तिच्या पुढच्या पाचोळ्यावर रेती सांडलेली होती.

रिनाच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तिनं हात लांबवला. मधली हवा गार लागली. पहाटेच्या विहिरीत हात घातल्यासारखी. तिनं हात मागं घेतला आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. सुनेला हात लावायला भ्यायलो आपण.

त्यानंतर घरातही तसंच होऊ लागलं. सत्यशीला चुलीपाशी बसून हाक मारायची, "रिना!" मागच्या खोलीतून ओ यायची. "ये इकडं जराशी." कोणी यायचं नाही. उठून पाहावं तर रिना अंगणात तांदूळ निवडत बसलेली.

"आवाज दिला तं येत काऊन नाई व पोरी?"

"मी ओ दिली ना, आई."

"मांगच्या खोलीतून दिली."

"मी इथीच आहो मघापासून." रिना गोंधळून पाहायची. "पर दिली मी. मले आठवते दिल्याचं."

एकदा तर समोर बसलेल्या रिनाला तिनं हाक मारली. रिनानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळा हलला. ओ मागच्या खोलीतून आली.

पोरगी दिवसेंदिवस ओसरत चालली होती. खायची, पण चव नाही म्हणायची. तासनतास एकाच जागी बसायची, मान थोडी वर करून, लांब कुठंतरी पाहत. वेणी घालताना सत्यशीलाला तिच्या भांगात रेती सापडायची. नागसेननं तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

"ऊन लागलं तिले," नागसेन म्हणाला. "आन् आई, तू बी नोको जाऊ मोहाले यंदा. कशी दिसून राह्यली तू."

सत्यशीलानं रिनाला दोन-चार पहाटा घरी ठेवलं. त्यातल्याच एका दिवशी ती मोहावरून परतली तर दारातूनच तिला मागच्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं. रिना हळूच कोणाला तरी ओ देत होती. एक ओ. मग थांबायची. मग पुन्हा एक. घरात हाळी द्यायला तर कोणीच नव्हतं.

म्हणजे घरी एकटी ठेवूनही उपयोग नव्हता. उलट घरी तिच्या मागं कोणी नसायचं.

वडशाहून पत्रूभाऊचा फोन आला. "पोरगी बोलतच नाई बाई फोनवर. मी हॅलो हॅलो मनतो, तं नुसता वारा येते. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे भाऊ," सत्यशीला म्हणाली. मग तिला पुढचं वाक्य म्हणायचं होतं, नेहमीचं. मी आहो तिच्या मांगं. पण ते तोंडातून निघेना. कारण आता रिनाच्या मागं ती नव्हती. मध्ये कोणीतरी होतं.

६

त्या संध्याकाळी तिनं रिनाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वाळवंटातली ओ. हमीरजींनी पुसलेली रेती. "त्यानं रस्ता इचारला नाई, काही नाई. मीच त्याले चल म्हटलं, पोरी. रांगेत मीच घेतलं. मांगं न पाहता."

रिना ऐकत होती. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात उचलला नाही.

"मले वाटते आई, मी पातळ होऊन राह्यली," ती म्हणाली. आवाज कुठून आला ते सत्यशीलानं पाहिलं नाही. "माह्यी जागा कोनी घेऊन राह्यलं."

"नाई घेत कोनी. उद्या सोबत चल माह्या. शेवटचं." सत्यशीलानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. गार होते. "आन् आयक. परवापासून रांगेत शेवटी तू चालायचं. हाळी तू द्यायची. सगळ्यायची ओ मोजायची, वच्छलापर्यंत. तिच्यानंतर कोनी ओ दिली, तं चला मनायचं नाई. कोनी बी असो. रडो, हाक मारो."

"आन् तुम्ही कुठी राहसान?"

सत्यशीलानं खुंटीवरचा रिनाचा मुखवटा काढला. त्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं. ती गाठ सोडून नव्यानं बांधू लागली.

"आई, तो आवाज तुमचा असला तं?"

सत्यशीलानं गाठ ओढून पाहिली. घट्ट बसली होती.

"पुढं पाहून चालायचं," ती म्हणाली.

७

पहाटे निघताना वच्छला थट्टेनं म्हणाली, "आज काय व, सासूसुना दोघीबी मूग गिळल्यासारख्या गपगार?" कोणी हसलं नाही.  तिनं वळून रिनाची टोपली आपल्या डोक्यावरच्या टोपलीत ठेवली. "दे इकडं. तुह्यानं होत नाई."

रांग रानात शिरली. उजाडत होतं, पण झाडांखाली अजून निळं होतं. सत्यशीला सगळ्यात मागं. तिच्यापुढं वळणावळणानं जाणाऱ्या बाया. प्रत्येकीच्या डोक्यामागं तोच गुलाबी चेहरा, तीच बारीक मिशी. बाया पुढं जात होत्या आणि चेहरे सगळे सत्यशीलाकडे पाहत होते. इतकी वर्षं तिला त्यांचं काही वाटलं नव्हतं.

मोठ्या मोहापाशी तिनं हाळी दिली. आवाज फाटला.

रंजीता बोलली. बाकीच्या बोलल्या. वच्छला बोलली.

मग रिनाची ओ आली. रिनाचाच आवाज, बारीक, गोड. त्यानंतर काहीच नाही.

सत्यशीलानं ऐकलं आणि तिला कळलं की आता दोन ओ उरल्या नाहीत. एकच उरली. ती कोणाची, ते तिला पाहायलाच हवं होतं.

तिनं पाहिलं. वच्छलाच्या डोक्यामागचा मुखवटा. त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून वच्छलाचा हिरवा पदर दिसत होता. त्याच्यामागं रिनाचा मुखवटा, भोकांतून तिची पिवळी ओढणी, कडेला काल घट्ट केलेली गाठ. आणि त्याच्यामागं, सत्यशीलाच्या हाताच्या अंतरावर, आणखी एक चेहरा. तसाच गुलाबी, तसाच बारीक मिशीचा. त्याला इलॅस्टिक नव्हतं. आणि भोकांतून पदर दिसत नव्हता. भोकंच नव्हती ती.

त्या चेहऱ्याची पापणी लवली.

सत्यशीला ओरडली नाही. ओरडली असती तर रिना मागं वळली असती. तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, आणि ती अगदी साधी होती. जो शेवटचा असतो तो रांगेमागं जातो. पण शेवटचीनं तोंडच फिरवलं, तर ती पहिली होते. आणि जे तिच्यापुढं असतं, ते तिच्या मागं येतं.

फक्त मागं पाहणारं कोणी नको. त्या दिवशी रेतीत तिच्या डोक्यामागं मुखवटाही नव्हता.

तिनं टोपली खाली ठेवली. डोक्यामागचा मुखवटा सोडला आणि टोपलीत पालथा ठेवला. मान उघडी पडली. मग ती वळली, गावाच्याही नाही आणि मोहाच्याही नाही, जिकडं वाट नव्हती त्या बाजूला.

"चल," ती म्हणाली. त्या दिवशी म्हणाली होती तशाच आवाजात, मागं राहिलेल्या बाईला घाई करावी तशी. "चल माह्यासंगं."

आणि ती चालू लागली.

पाचोळा तिच्या पायांखाली वाजत होता. तिच्या मागं काही वाजत नव्हतं. फक्त सरसर आवाज येत होता, वारा रेतीवरून जातो तसा. मानेवर फुंकर आली. ती चालतच राहिली. पुढं कोणाचीही पाठ नव्हती. सगळं रान तिच्यासमोर मोकळं होतं. तिला वाटलं, रंजीताला रोज असंच दिसत असणार.

खूप मागून, झाडांच्या पलीकडून, रिनाची हाक आली. "आईऽऽ!" ती रिनाच्या तोंडून आली होती. सत्यशीलाला ते नक्की कळलं. तिनं ओ दिली नाही.

८

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. नागसेन आणि गावची माणसं, वनरक्षक, सगळे नाल्यापर्यंत शोधून आले. वाघाचा माग नाही, ओढत नेल्याची खूण नाही, रक्ताचा थेंब नाही. मोठ्या मोहाखाली टोपली सापडली. टोपलीत पालथा मुखवटा, आणि मुखवट्यात काठोकाठ पिवळी रेती. तिथून सत्यशीलाची पावलं निघाली होती आणि प्रत्येक टाचेत रेती होती. कातळ लागला तिथं ती संपली.

वडशाहून पत्रूभाऊ धावत आला. रिनानं बापाला पाहिलं आणि हंबरडा फोडला. तो आवाज तिच्याच गळ्यातून निघाला, आणि साऱ्या आळीला ऐकू गेला. संध्याकाळी वच्छलानं तिला बळंच दोन घास भरवले. "मीठ जास्त पडलं भाजीत," रिना म्हणाली. तिला चव कळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष नाल्याच्या बाजूनं गेले आणि बाया मोहाच्या वाटेनं सत्यशीलाला शोधायला निघाल्या. रंजीता पुढं होती, मग बाकीच्या, मग वच्छला, आणि सगळ्यात मागं मुखवटा बांधून रिना. मोठ्या मोहापाशी रिनानं हाळी दिली. रंजीता बोलली. बाकीच्या बोलल्या. वच्छला बोलली. मग रिनाच्या मागून, अगदी जवळून, सत्यशीलाच्या आवाजात ओ आली. वच्छला "बाई!" म्हणत वळू लागली. रिनानं तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि तिला वळू दिलं नाही. ती 'चला' म्हणाली नाही. तिनं नुसतं वच्छलाला पुढं ढकललं, वच्छलानं तिच्या पुढचीला, आणि रांग काही न बोलता गावाकडे निघाली. ओ आणखी एकदा आली. मग आली नाही.

त्या दिवशी पळसटोल्यात कोणाच्याही अंगणात रेती नव्हती.